कंप्रेसर बंद होता तरी

कंप्रेसर बंद होता. मूर्ती सुकवायला लावलेले पंखे मी बंद केले. मोठे दिवे बंद केले. आवाज ऐकायच्या डबीची वायर भिंतीतल्या प्लगमधून उपसून काढली, म्हणजे ती आता नुसत्या सेलवर चालत होती. पत्र्याच्या भिंतीपासून लांब, शेडच्या लाकडी खांबापाशी ती नेली. तरी आतून खरखर येतच राहिली.

मी डबी कानाला लावली. खरखर सलग नव्हती. येत होती, थांबत होती, पुन्हा येत होती. दर वेळी थांबायची ती सारखीच, आणि पुन्हा सुरू व्हायची तीही सारखीच. यंत्र असं वाजत नाही. असा श्वास वाजतो.

ती माझ्या नातीची छाती होती. घरात आतल्या खोलीत ती झोपली होती आणि तिच्या उशाशी दुसरी डबी होती. सकाळपासून तिचा श्वास घुरघुरत होता की तासाभरापासून, कोणाला ठाऊक नव्हतं. आम्ही सगळे त्या आवाजाला कंप्रेसरचा आवाज म्हणत होतो.

माझ्यापासून हातभर अंतरावर सून गणपतीचा डोळा काढत होती. एक डोळा झाला होता, दुसऱ्यावर ब्रश टेकला होता. आमच्याकडे डोळ्यांच्या वेळी कोणी बोलत नाही. कंप्रेसर बंद ठेवतात, कारण तो चालू असला की फळी थरथरते आणि रेघ हलते. आणि एक डोळा काढून कोणी उठत नाही. उठलं की हात बदलतो, मग दोन डोळे दोन वेगळ्या माणसांचे दिसतात. सासऱ्यांच्या वेळेपासून हे असंच आहे.

मी बोलले नाही. बोलले असते तर तिचा हात हलला असता, असं वाटून नव्हे. मला बोलताच येईना. डबी हातात घेऊन मी चालत शेडबाहेर गेले आणि बाहेर पडल्यावर पळाले. अंगण चिखलाचं होतं. एक चप्पल चिखलात राहिली. मागून ब्रश खाली पडल्याचा आवाज आला. सुनेला काही सांगावं लागलं नव्हतं.

आता हे काय होतं ते सांगते.

आमचं घर पेणजवळच्या जोह्याला. घराच्या अंगणापलीकडे पत्र्याची शेड आहे, तोच आमचा गणपतींचा कारखाना. आमच्या गावात बहुतेकांच्या दारात असा कारखाना असतो. मी चौथीपर्यंत शिकले, बाकी सगळं या शेडमध्ये शिकले. माझे मालक वारल्यापासून मुलगा काम बघतो. साचे तो भरतो, कंप्रेसरच्या हवेवर रंगाची गन मारून मूर्तीच्या अंगाचा रंगही तोच देतो. सून रोह्याजवळच्या वरसे गावची. तिचा बाप कंपनीत शिफ्टला जाणारा, घरात कोणी कधी मातीला हात लावला नव्हता. लग्न होऊन आली तेव्हा मी म्हटलं होतं, ही काय करणार. पण डोळे तिच्यासारखे आमच्या घरात कोणाला येत नाहीत, माझ्या सासऱ्यांनाही येत नव्हते. हे मी तिच्या तोंडावर कधी बोलले नाही आणि बोलणारही नाही.

ती बाळंतपणाला माहेरी गेली. दिवस भरायच्या आधीच मोकळी झाली. जुळी झाली, एक मुलगा, एक मुलगी. दोघं मिळून एका चांगल्या बाळाएवढी. रोह्याच्या दवाखान्यात दोघांना काचेच्या पेटीत ठेवलं. मुलगा दगावला. फार लहान होता, कोणाची चूक नव्हती, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी ते मानते. सून मानत नाही. तो गेला तेव्हा ती बाहेर बाकावर बसल्याबसल्या डुलकी घेत होती. “आवाज झाला असता तर मी उठले असते,” एवढंच ती पुढे कितीतरी दिवस म्हणत होती. आवाज झालाच नव्हता. एवढ्याशा जिवाचा कसला आवाज होणार?

तेव्हापासून ती मुलीच्या नाकाखाली बोट धरून बसायची. जेवताना डाव्या हाताचं बोट तिथेच. शेवटी तिच्या भावाने मोबाइलवरून मागवून ही डब्यांची जोडी आणली. एक डबी बाळाजवळ ठेवायची, एक आपल्याजवळ. बाळाजवळ जे वाजेल ते आपल्याकडे ऐकू येतं. बेबी मॉनिटर म्हणतात. मी डबी म्हणते.

विहीण म्हणाली होती, गणपती होईपर्यंत पोर वरशालाच राहू दे, तुमच्याकडे सगळीकडे पांढरी धूळ. ते खरंच होतं. सीझनला आमच्या भातातसुद्धा धूळ असते. पण सून आली. मी बोलावलं नव्हतं. तिच्या नवऱ्याने बोलावलं की नाही ते मी विचारलं नाही. शेडभर मूर्ती डोळ्यांवाचून उभ्या होत्या आणि तिला ते माहेरी बसून दिसत असणार.

आम्ही आतली खोली बंद केली. दाराला प्लास्टिकचा पडदा लावला, त्याखाली ओलं फडकं. आत जाताना हातपाय धुवायचे, लुगडं बदलायचं. डबी बाळाच्या उशाशी, दुसरी शेडमध्ये. सून कामाला बसली.

आणि डबी खरखरायला लागली.

आधी मला वाटलं, वाजेना का, पोर रडलं की कळेल. पण सुनेला ते चालत नव्हतं. जरा खर्र झालं की ती ब्रश टाकून पळायची. पोर गाढ झोपलेलं असायचं. परत यायची, हात धुवायची, ब्रश उचलायची, की पुन्हा खर्र. तिचा हात थरथरायला लागला. डोळे काढणाऱ्या माणसाचा हात थरथरला की काय राहिलं?

मुलगा म्हणाला, “ही डबी घरात आल्यापासून पोर झोपतंय आणि आपणच जागे हावत.”

“तू झोप,” सून म्हणाली. “तुला काय, तुझा एक डोळा उघडा असला काय नि मिटलेला असला काय, गन मारायची ती मारणारच.”

“तुझ्या भावाला सांग, पुढच्या वेळी बिघडलेली नको पाठवू.”

“माझ्या भावाने पाठवली तरी. तू काय आणलंस?”

मी म्हटलं, भांडायचं ते भांडा, पण आधी हे दुरुस्त करा. मला त्या आवाजाची भीती वाटत होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. खरखर झाली की सून पळायची, आणि ती दाराआड गेल्यापासून परत येईपर्यंत मी हातातलं काम तसंच धरून बसायचे. ती बाहेर येताना तिच्या तोंडाकडे आधी बघायचं, मग कामाकडे. दिवसातून कितीदा तरी.

मुलाने आधी सेल बदलले. थोडा फरक पडला, पण संध्याकाळपर्यंत पुन्हा तेच. डबीच्या पोटाशी एक बटण होतं, ते इकडचं तिकडे केलं की ती दुसऱ्या लाइनवर जाते म्हणे. दोन्ही डब्या त्या लाइनवर नेल्या. काही नाही. डबीबरोबर एक कागद आला होता, चित्रांचा. त्यात एक गोरी बाई सोफ्यावर बसून हसत होती. तिच्या घरात कंप्रेसर नव्हता.

मग मी जाऊन बाळाजवळची डबी बघितली. तिला प्लास्टिक गुंडाळलं होतं. तयार मूर्तीवर धूळ बसू नये म्हणून आम्ही जे पातळ प्लास्टिक घालतो, तेच. आमच्या घरात चांगली वस्तू आली की पहिलं काम तेच. टीव्हीला घातलं, मिक्सरला घातलं, तसं मुलाने या डबीलाही घातलं होतं आणि वर रबरबँड. बाळाने हात हलवला, पंख्याचा वारा लागला, की ते प्लास्टिक सळसळायचं. तीच सळसळ शेडमध्ये खरखर होऊन यायची.

“ऐकायच्या वस्तूचं तोंड बांधून ठेवलंस,” मी मुलाला म्हटलं.

“धूळ जाईल ना आत.”

“गेलीच आहे.”

खरंच गेली होती. शेडमधल्या डबीच्या ज्या भोकांतून आवाज येतो ती पांढऱ्या धुळीने बुजली होती. सुनेने डोळ्यांचा सगळ्यात बारीक ब्रश कोरडा घेतला आणि एकेक भोक साफ केलं. फुंकर मारली नाही. फुंकर मारली की धूळ आत जाते, मूर्तीच्या कानातलीही आम्ही अशीच ब्रशने काढतो. आवाज बराच स्वच्छ झाला. पोर चोखल्यासारखं तोंड करत होतं तेसुद्धा ऐकू आलं. त्या दिवशी सून पहिल्यांदा जेवणाच्या वेळेपर्यंत उठली नाही.

राहिला तो कंप्रेसर. डबी शेडच्या पत्र्याला खिळ्यावर टांगली होती, कारण प्लगची जागा तिथेच होती, आणि कंप्रेसरचाही प्लग तोच. कंप्रेसर सुरू झाला की डबी फोडणीसारखी तडतडायची. वायर पुरेल तेवढी डबी खांबाकडे सरकवली तेव्हा तडतड कमी झाली, पण गेली नाही. मुलगा म्हणाला, घरातून वेगळी वायर ओढून आणतो, मग बघ. पण गन मारायचं काम अंगावर होतं. वायर उद्यावर गेली, उद्याची परवावर. “कंप्रेसरची आहे ती,” तो म्हणायचा. “कंप्रेसर थांबला की थांबते. घाबरू नका.”

आणि ते खरं होतं. कंप्रेसर थांबला की थांबायची. सून हळूहळू पळायची बंद झाली. डोळे सोडून दागिन्यांचं रंगकाम करताना खर्र झालं की ती कंप्रेसरकडे बघायची, तो चालू दिसला की पुन्हा मान खाली. मला बरं वाटलं. आवाजाचं कारण कळलं की माणूस घाबरत नाही. ती भीती जाते, आणि तिच्या जागी काही राहत नाही. तेच वाईट, हे मला मागून कळलं.

त्या दिवशी पोराला सकाळी जरा सर्दी होती. नाक वाहत होतं. आमच्या घरात सीझनला सगळ्यांचीच नाकं वाहतात. दूध प्यायली, थोडं कमी प्यायली, झोपली. मुलाने सकाळभर गन मारली. दुपारी त्याने कंप्रेसर बंद केला आणि तयार मूर्ती टेम्पोत चढवायला बाहेर गेला. पेणच्या व्यापाऱ्याचा टेम्पो दारात होता. सून डोळ्यांना बसली. मी तिच्या बाजूला रंगाची वाटी धरून.

कंप्रेसर बंद होता, तरी डबी खरखरत होती.

सुनेने ऐकलं नाही. डोळ्यावर असताना ती काही ऐकत नाही. मला वाटलं, पंखे असतील. पंखे बंद केले. मग दिवे, सून दाराच्या उजेडात बसली होती. मग वायर. एकेक बंद करत गेले तशी शेड शांत झाली आणि तो आवाज मोठा झाला. बाकीचं सुरुवातीला सांगितलं आहे.

खोलीत गेले तेव्हा पाय धुतले नाहीत. पोर जागं होतं. रडत नव्हतं. रडायला श्वास लागतो, तो तिच्याकडे नव्हता. नाकपुड्या फुगत होत्या. पोट उडत होतं, आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता, त्यात माझा अंगठा मावला असता. ओठांचा रंग मला ओळखीचा होता. उंदराला जो करडा रंग देतो त्यात चुकून निळा पडला की तसा होतो. तो रंग आम्ही टाकून देतो.

मी तिला उचललं. अंग गरम होतं. दारात सून उभी होती. तिच्या हाताला काळा रंग लागलेला. तिने पोराकडे बघितलं आणि तिथेच दाराला धरून खाली बसायला लागली.

“बसू नको गो,” मी म्हटलं. “बसलीस तर मी उचलणार नाय तुला. टेम्पो हाय दारात. चल.”

टेम्पोवाला दोर आवळत होता. आम्हाला बघून म्हणाला, “आजी, मागं गणपती बांधलेत. हळू चालवायला लागंल.”

मी मुलाकडे बघितलं. महिन्याचं काम त्या टेम्पोत होतं. तो म्हणाला, “फुटतील ते फुटू देत. चालव.” आणि स्वतः मागे मूर्तींमध्ये पेंढ्यावर चढला. पुढे जागा दोघींपुरतीच होती.

जोह्यातून निघून हमरापूर गेलं, फाटा आला. रस्ता कसा आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको. मागे काही आपटलं की टेम्पोवाला आरशात बघायचा आणि मग माझ्याकडे. मी समोर बघत होते. माझ्या हातात अजून ती डबी होती. बाळाजवळची डबी घरी राहिली होती, त्यामुळे ही आता नुसती खरखरत होती आणि मधे मधे टुकटुक करत होती.

“आई, ती बंद करा,” सून म्हणाली. पोर तिच्या मांडीवर होतं, तोंड खिडकीकडे.

मला बटण सापडेना. मग झाकण नखाने उघडून सेल काढले आणि पायाशी टाकले. डबी गप्प झाली, पण गाडीचा आवाज एवढा की आता पोराचा श्वासही ऐकू येईना. सून वाकून कान लावत होती. खड्ड्यात गाडी उसळली की तिचा कान पोराच्या छातीवर आपटत होता. मी तिचं डोकं बाजूला केलं आणि तिथे माझा तळहात ठेवला. घुरघुर हाताला लागत होती. मी म्हटलं, “हाय. हाय. हाय.” पेण येईपर्यंत मी एवढंच बोलत होते. एका ठिकाणी हाताला काही लागेना. तेव्हाही मी “हाय” म्हटलं. मग पुन्हा लागलं.

आयुष्यभर गणपती करत आले. त्या रस्त्यावर एकाचंही नाव माझ्या तोंडात आलं नाही. मागे ते एकमेकांवर आपटत होते आणि माझा मुलगा त्यांना धरून बसला होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या. पोराला बघताच त्यांनी आमच्या हातातून काढून घेतलं आणि चालता चालता विचारलं, “असा श्वास कधीपासून चालू आहे?”

सून माझ्याकडे बघायला लागली, मी मुलाकडे.

“रात्री होता? सकाळी होता? आवाज कधीपासून येतोय?”

“आम्हाला वाटलं कंप्रेसर हाय,” सून म्हणाली.

“कसला कंप्रेसर?”

सुनेने सांगायचा प्रयत्न केला. डबी, प्लग, गन. ते कोणाला कळण्यासारखं नव्हतं. डॉक्टरीणबाई आत गेल्या आणि दार लागलं.

थोड्या वेळाने बाहेर येऊन त्यांनी नीट सांगितलं. छातीत कफ भरला आहे, फुप्फुसाला धरलं आहे. आधी जन्मलेल्या पोरांना हे लवकर होतं. ऑक्सिजन लावला आहे, औषध सुरू केलं आहे. संध्याकाळपर्यंत श्वास सुधारला नाही तर पनवेलला न्यावं लागेल. मी विचारलं, “वाटेत टिकंल का?” त्या म्हणाल्या, “म्हणूनच इथे सुधारतंय का ते बघतेय.” मला ते उत्तर आवडलं. खोटं नव्हतं. मी बाकावर जाऊन बसले.

सून बसली नाही. बाकाकडे बघायलासुद्धा तयार नव्हती. दाराला टेकून उभी राहिली. मुलगा म्हणाला, “जरा बस.” ती म्हणाली, “मागच्या वेळी बसले होते.”

विहीण रोह्याहून आली. कशाने आली, एसटीने की जीपने, मी विचारलं नाही. आल्या आल्या तिने लेकीला मिठी मारली नाही, सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“विहीणबाई, सांगितलं होतं मी. गणपती होईस्तोवर ठेवा म्हणून.”

“व्हय, सांगितलं होतं.”

“तुमच्याकडं पोरं रेडिओवर सांभाळतात?”

“तो रेडिओ तुमच्याच पोराने पाठवला.”

“मग त्याने सांगितलं होतं, मोटारीपाशी टांगा म्हणून?”

“नाय. ती आमची अक्कल.”

ती माझ्या बाजूला बसली. तिचा श्वास लागला होता. घाईत तिच्या पायात दोन वेगळ्या चपला आल्या होत्या. मी माझ्या पायांकडे बघितलं. एका पायात चप्पल होती, दुसरा चिखलाने भरलेला. तिने तो बघितला आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढली.

“धुवा तो. दवाखान्यात आलाय.”

मी धुतला. मग तिने हळू आवाजात विचारलं, “कशी हाय?”

“निळी होती. आता दार लावलंय.”

“तो पण निळा होता,” विहीण म्हणाली. त्या पोराला तिने बघितलं होतं, मी नव्हतं. मी पोचेपर्यंत त्याला गुंडाळून ठेवलं होतं.

दाराआडून एक यंत्र टीं टीं करत होतं. बरं की वाईट, ते मला कळत नव्हतं. आवाज थांबला की मी दाराकडे बघायचे, जोरात वाजला तरी बघायचे. तिथली सिस्टर दार उघडून बाहेर आली की आम्ही चौघं तिच्या तोंडाकडे बघायचो आणि ती ट्रे घेऊन निघून जायची. मला एकदा वाटलं, तिला पकडून विचारावं, तो आवाज कशाचा, कंप्रेसरचा की पोराचा.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, “पनवेलला नको. श्वासाचा वेग जरा उतरलाय. आजची रात्र बघू.”

विहीण रडायला लागली. सून नाही रडली. ती म्हणाली, “मला ऐकू द्या.” डॉक्टरीणबाईंनी तिला आत नेलं, कानाला नळी लावून दिली. काचेतून आम्हाला ती वाकलेली दिसत होती. बराच वेळ ती तशीच होती. बाहेर आली तेव्हा म्हणाली, “खरखर हाय अजून. पण आता मधे हवेला जागा हाय.”

पोर बरेच दिवस दवाखान्यात राहिलं. मी घरी येऊन जाऊन होते. मुलाने टेम्पोतल्या मूर्ती परत आणल्या. कोणाचे हात गेले होते, कोणाची सोंड. काही जोडता आल्या. शेडमध्ये एका डोळ्याची ती मूर्ती प्लास्टिक घालून तशीच उभी होती. एक गिऱ्हाईक म्हणालं, हिचा दुसरा डोळा तुम्हीच काढा ना आजी, मला ही हवी. मी म्हटलं, दुसरी घ्या.

पोराला घरी आणायच्या आधी मुलाने वायर ओढली. घरातून वेगळी, शेडच्या दुसऱ्या टोकाला, लाकडी फळीवर, कंप्रेसरपासून जितकी लांब जाईल तितकी. प्लास्टिक नाही, पत्रा नाही. मग त्याने कंप्रेसर पूर्ण जोरात सुरू केला आणि डबीपाशी जाऊन उभा राहिला. डबी गप्प. एक तडसुद्धा नाही. हे सगळं आपण आधीच केलं असतं तर, असं तो म्हणायला लागला, तेव्हा मी म्हटलं, आता कंप्रेसर बंद कर, कान गेले.

पोर आलं. या वेळी विहीणही बरोबर आली आणि तिच्याजवळून हलली नाही. तरी सुनेने डबी लावली. आणि पहिल्याच दिवशी ब्रश टाकून उठली.

“काय झालं?”

“काय वाजतच नाय, आई.”

“झोपलीय ती. बाजूला तुझी आई हाय.”

“चालू हाय की बंद पडलीय, कसं कळणार? थोडी खरखर राहू दे ना. पहिल्यासारखी. नुसती थोडी.”

मी तिला रागावले. खूप रागावले. त्या खरखरीनेच पोर गिळलं असतं, हे तिला सांगितलं. ती ऐकून घेत होती, पण तिच्या तोंडावरची भीती काही जात नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्या शांत डबीकडे मीही पुन्हा पुन्हा बघत होते. रोह्याला आवाज झाला नव्हता. इथे आवाज झाला होता आणि तो आम्हाला कळला नव्हता. आता कशावर विश्वास ठेवायचा?

विहिणीने दोन जोड वाळे केले होते, जुळी होणार कळलं तेव्हाच. बारीक घुंगरं असलेले. बारसं झालंच नव्हतं, म्हणून ते तसेच तिच्या पिशवीत पडून होते. त्या दिवशी तिने एक जोड काढून पोराच्या पायात घातला. पोराने पाय झाडला. शेडमध्ये, पलीकडच्या टोकाला, फळीवर, छुन्न झालं. सून डबीकडे बघत राहिली. पुन्हा झालं. मग ती खाली बसली, हात धुतलेलाच होता, आणि तिने त्या एका डोळ्याच्या मूर्तीवरचं प्लास्टिक काढलं.

दुसरा डोळा पहिल्यासारखा आला नाही. थोडा खाली बघत होता. ती मूर्ती आम्ही विकली नाही. त्या वर्षी घरात तीच बसवली.

दुसरा वाळ्यांचा जोड विहिणीकडेच आहे.

पोर आता चालतं, शेडमध्ये येऊन रंगात हात घालतं, मार खातं. रोह्याला दोन जन्मली होती. मुलगा गेला. मुलगी जगली.